मुरलेलं आणि मुरवलेलं

मोठ्या लिंबाएवढं एक फळ. सुकून कडक झालेलं, रंगानं हिरवट काळं, वरच्या बाजूला रुपयाएवढं टोपण कापून परत जागच्या जागी बसवलेलं. कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी सरसरतं. पातळ कागदात गुंडाळलेलं नसतं तर पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी दृष्ट काढून तिठ्यावर टाकलेलं उचलून आणलंय. आत संत्र्याची एकही फोड नसते. गर कोरून काढलेला असतो आणि त्या जागी ठासून भरलेला असतो युन्नान प्रांतातला काळा, आंबवलेला पु-अर चहा. चिनी लोक या प्रकाराला शाओ छिंग गान म्हणतात. शब्दशः अर्थ, 'छोटं हिरवं संत्रं'.

गेली काही वर्षं हे फळ आपल्याकडेही येऊ लागलं आहे. कुणाच्या परदेशवारीच्या बॅगेतून, कुणाच्या ऑनलाइन खरेदीतून. आणि येताना दोन बिरुदं घेऊन येतं. पहिलं, 'चीनची प्राचीन परंपरा'. दुसरं, 'चरबी, कोलेस्टेरॉल, कफ, अपचन या सगळ्यांवर रामबाण'. माझं म्हणणं असं आहे की हा चहा झकास आहे आणि ही दोन्ही बिरुदं त्याला चिकटवणं हा त्या चहावरच अन्याय आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो. घाई असेल त्यांनी सरळ शेवटी जावं, पण मधला भाग जास्त मजेचा आहे.

आधी तो करायचा कसा ते. टोपण काढायचं, सालीला दाभणानं पाच-सहा भोकं पाडायची आणि फळ अख्खंच्या अख्खं लहान किटलीत ठेवायचं. वरून खळखळतं पाणी. पहिलं पाणी काही सेकंदांत ओतून टाकायचं, ते फक्त धुण्यासाठी. मग दुसऱ्या पाण्यापासून प्यायला घ्यायचा, दर वेळी थोडाथोडा वेळ वाढवत. एका फळात दहा-बारा वेळा पाणी सहज निघतं. दूध नाही, साखर नाही. (आलं कुटून, दूध आटवून, वर मलई तरंगणाऱ्या चहावर वाढलेल्या आम्हा लोकांना हे थोडं जड जातं, पण जमतं.) पहिल्या कपांत सालीचा जोर असतो. संत्रं सोलताना बोटांवर उडणारं ते तिखट तेल नाकात जातं. चौथ्या-पाचव्या कपापासून साल मागे सरते आणि चहा पुढे येतो. दाट, काळसर तांबडा, आणि त्याला वास... कसा सांगू? पावसाळ्यात माळ्यावरची जुनी लाकडी पेटी उघडावी तसा. ओली माती, भिजलेलं लाकूड. काहींना तो वास अजिबात सोसत नाही. मला आवडतो.

आता शब्दाचा घोळ. इंग्रजी पुस्तकांत याला 'फर्मेंटेड' चहा म्हणतात. पण आपल्या आसामच्या साध्या काळ्या चहाच्या कारखान्यातसुद्धा एका टप्प्याला 'फर्मेंटेशन'च म्हणतात, आणि तिथं आंबवण्यासारखं मुळात काही घडत नाही. चुरडलेल्या पानाला हवा लागते आणि चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडावं तसं पान तांबूस काळं होतं. तो प्राणवायूचा खेळ आहे, जंतूंचा नव्हे. पु-अरमध्ये मात्र खरोखरच सूक्ष्मजीव कामाला लागतात, अगदी आंबोळीच्या पिठात किंवा सुरेनं फुगवलेल्या सान्नांत लागतात तसे. म्हणून 'आंबवलेला' हा शब्द इथं बरोबर आहे. तरी 'आंबवलेला चहा' म्हटलं की ऐकणाऱ्याचं नाक मुरडतंच.

खरं तर आपल्या भाषेकडे याहून नेमका शब्द आहे, मुरणे. आंबणे, मुरणे, नासणे, कुजणे या चार शब्दांत मराठी माणसानं किती बारीक फरक केलेला आहे पाहा. पीठ आंबतं, दूध नासतं, पालापाचोळा कुजतो. लोणचं मात्र मुरतं, मुरांबा मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. मुरण्यात काळ हा घटक मीठ-मसाल्याइतकाच महत्त्वाचा. घाई केली तर लोणचं कच्चं राहतं हे घराघरांत ठाऊक असतं. पु-अर चहाची सगळी कीर्ती, सगळा पैसा आणि सगळी लबाडी या एका क्रियापदाभोवती फिरते. आणि मुरणं व मुरवणं यात जे अंतर आहे, तोच माझ्या लेखाचा विषय आहे.

पु-अर दोन प्रकारचा असतो. कच्चा आणि पिकवलेला. युन्नानच्या मोठ्या पानाच्या झाडांची पानं (ही झाडं आपल्या आसामी चहाचीच भावंडं) कढईत भाजून, मळून, उन्हात वाळवतात, वाफेवर मऊ करून चकत्या दाबतात आणि ठेवून देतात. तो कच्चा पु-अर. तो वर्षानुवर्षं हळूहळू मुरत जातो, कडूपणा सोडतो, रंगानं गडद होतो. हाँगकाँग आणि ग्वांगडाँगच्या चहाघरांत, वाफवलेल्या पदार्थांच्या टोपल्यांबरोबर, असा जुना काळा चहा प्यायची सवय होती. तिथल्या दमट हवेत तो लवकर मुरे. पण गिऱ्हाईक वाढलं आणि जुना माल पुरेना. मग १९७३ च्या सुमारास युन्नानमधल्या कुनमिंग चहा कारखान्यातली माणसं ग्वांगडाँगला जाऊन, ओलावा देऊन पान लवकर काळं करायची तिथली रीत पाहून आली. परत येऊन त्यांनी आणि मंघाइच्या कारखान्यानं त्यावर प्रयोग केले, आणि जी पद्धत बसवली तिचं नाव 'वो द्वे', म्हणजे ओला ढीग. वाळलेल्या पानांचा टनावारी ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, वर कापड झाकायचं. आत जंतू वाढतात, ढीग ५०-६० अंशांपर्यंत तापतो. फार तापू नये म्हणून दर काही दिवसांनी उलथापालथ करायची. दीड-दोन महिन्यांत पान काळं, मऊ, मातकट होतं. जे काम काळ दोन-तीन दशकांत करी ते सहा-आठ आठवड्यांत. हा पिकवलेला पु-अर, आणि संत्र्यात भरतात तो बहुतेक हाच.

एक गंमत सांगतो. या ढिगात जी बुरशी सर्वांत जोमानं वाढते तिच्यात एस्परजिलस नायजर ही काळी बुरशी प्रमुख. ढोकळ्यात आपण जे लिंबूसत्त्व घालतो ते जगभर कारखान्यांत याच बुरशीकडून बनवून घेतात, त्यात लिंबाचा संबंध क्वचितच असतो. म्हणजे ज्या जिवाकडून माणसानं लिंबाची नक्कल करवून घेतली, त्यानंच काळा केलेला चहा शेवटी संत्र्याच्या सालीत जाऊन बसतो. असो.

तर लक्षात घ्या, भरण्याचा हा चहा मुळातच काळाला दिलेली बगल आहे. १९७३ च्या आधी तो या स्वरूपात युन्नानमध्ये नव्हता. माझ्या पिढीतल्या अनेकांहून तो वयानं लहान आहे. त्याला 'प्राचीन' म्हणणं म्हणजे स्टीलच्या डब्याला पेशवेकालीन म्हणण्यासारखं.

आता साल. आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला विचाराल तर या जोडगोळीत साल हीच खरी खानदानी.

ग्वांगडाँग प्रांतात, मोत्यांच्या नदीच्या मुखप्रदेशात शिनह्वे नावाचा भाग आहे. हल्ली तो जियांगमन शहराचा एक जिल्हा. मकावपासून शंभर किलोमीटरच्या आत. हा तोच मुलूख, जिथं यामनच्या खाडीत १२७९ साली सुंग घराण्याचा शेवट झाला आणि बालसम्राटाला पाठीवर घेऊन त्याच्या मंत्र्यानं समुद्रात उडी घेतली. लियांग छिचाव हे थोर विचारवंत इथल्याच छाखंग गावात १८७३ साली जन्मले. १९२४ साली रवींद्रनाथ ठाकुरांना चीनमध्ये बोलावण्यात त्यांचा पुढाकार होता. छाखंग हे आज या सालीच्या नामांकित गावांपैकी एक आहे, हा योगायोग मला भारी आवडतो. नद्यांनी आणलेला गाळ आणि यामनमधून आत येणारं भरतीचं खारं पाणी, यांच्या संगमामुळे इथल्या फळाची साल वेगळी होते असं तिथले बागायतदार सांगतात. खाजन शेतीतल्या भाताची चव ज्यांना ठाऊक आहे त्या गोंयकारांना हे पटायला जड जाऊ नये.

या फळाची खासियत म्हणजे ते खाण्यासाठी लावतच नाहीत. गर आंबटगोड, बियांनी भरलेला, सामान्य. पीक म्हणजे साल. फळ पाडतात, सुरीनं ठराविक चिरा देऊन साल तीन पाकळ्यांत उलगडतात, अशी की तिन्ही पाकळ्या तळाशी जोडलेल्या राहतील. थोडी मऊ पडली की उलटून पांढरी बाजू बाहेर करतात आणि उन्हात वाळवतात. मग गोण्यांत भरून ठेवतात. पुढे दर वर्षी कोरड्या हवेत बाहेर काढायची, ऊन दाखवायचं, किडा-बुरशी पाहायची, परत भरायची. आपल्या आज्या पापड-कुरडया-सांडग्यांची जी निगा राखत तशीच, फक्त दहा-वीस वर्षं. कमीत कमी तीन वर्षं झाल्याशिवाय तिला 'चेनपी' म्हणायचं नाही, असा तिथला नियमच आहे. चेनपी म्हणजे 'जुनी साल'. त्याआधी ती नुसती साल. २००६ साली शिनह्वेच्या चेनपीला चीनमध्ये भौगोलिक उत्पादन म्हणून संरक्षण मिळालं, आपल्या काजू फेणीला ते मिळालं त्याच्या तीन वर्षं आधी.

चेनपीचा लौकिक खरोखर जुना आहे, त्यात शंका नाही. सुंग काळातल्या सरकारी औषधसंग्रहात 'अर चेन' नावाचा काढा आहे. नावाचा अर्थच 'दोन जुन्या वस्तू', आणि त्यातली एक ही साल. सोळाव्या शतकात ली शिझेननं आपल्या औषधींच्या महाग्रंथात ग्वांगडाँगकडची साल सर्वांत चांगली असं नोंदवून ठेवलं आहे. ग्वांगडाँगची तीन रत्नं मोजताना म्हातारी माणसं जुनी साल, जुनं आलं आणि भाताचं पेंढं सांगतात. (हिरे-माणकं सोडून ज्यांनी पेंढ्याला रत्न म्हटलं त्या लोकांशी आपलं जमायला हरकत नाही.) बदकाच्या रस्स्यात, लाल शेंगदाण्यासारख्या दिसणाऱ्या बारीक चवळीच्या गोड खिरीत, वाफवलेल्या मासळीवर, सगळीकडे तिचा एखादा तुकडा पडतो.

आणि गोव्याचा या मुलखाशी संबंध आहे तो मकावमार्गे. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराच्या हाताखाली होता. चहाला पोर्तुगीजांनी 'शा' म्हटलं ते कँटनी लोकांच्या तोंडून ऐकून. आणि ज्या जातीच्या संत्र्यांना जग 'मँडरिन' म्हणतं तो शब्द तर आपल्याच 'मंत्री'पासून निघाला. संस्कृत मंत्री, त्याचा मलयमध्ये मेंतरी, पोर्तुगीजांनी त्याचा मंदारीं केला आणि चिनी अधिकाऱ्यांना तो चिकटवला, मग त्यांच्या भाषेला, मग फळालाही. शब्दही असे मुरतात.

आता या दोन गोष्टींची गाठ कशी पडली? याची एक गोष्ट हमखास सांगतात. लुओ थियनछी नावाचे शिनह्वेचे एक अधिकारी, नावाजलेले सुलेखनकार आणि चित्रकार, छिंग काळात युन्नानला नोकरीवर होते. निवृत्त होऊन गावी येताना त्यांनी पु-अर आणला. एकदा खोकला झाला म्हणून बायकोनं सालीचा काढा केला, त्यांनी तो पाणी समजून चहात ओतला, आणि काय आश्चर्य, चव अप्रतिम, खोकला बरा! लुओ हे गृहस्थ खरे होते, युन्नानची नोकरीही खरी. काढ्याच्या प्रसंगाला मात्र कुणी साक्षीदार नाही. जगातल्या निम्म्या पदार्थांचा जन्म कुणाच्या तरी बायकोच्या नाहीतर नोकराच्या चुकीतून झाला असं सांगतात, त्यातलीच ही एक. ग्वांगडाँगमध्ये पु-अरच्या किटलीत सालीचा तुकडा टाकायची रीत नक्कीच जुनी आहे, आणि ती घरगुती, साधी, कुणाला मिरवायची गरज न वाटणारी रीत आहे. पिकलेल्या मोठ्या, लाल संत्र्यात चहा भरायची पद्धतही बऱ्याच आधीपासून आहे. पण हे छोटं हिरवं फळ? त्याची लाट आली २०१५-१६ च्या सुमारास. एका फळात एका बैठकीचा चहा, हाताळायला सोपं, दिसायला गोंडस, फोटोला उत्तम. पाहता पाहता शिनह्वेमध्ये उन्हाळाभर हिरवी फळं कोरणाऱ्या बायकांच्या रांगा लागल्या.

म्हणजे हिशेब असा झाला. आतला चहा दीड-दोन महिन्यांत मुरवलेला. बाहेरची साल कोवळी, जुलै ते सप्टेंबरमध्ये तोडलेली, काही दिवसांत उन्हात किंवा भट्टीत वाळवलेली. मुरलेलं असं यात काहीच नाही. आणि विकायचं मात्र मुरण्याच्या पुण्याईवर!

इथं मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय. एकीकडे चहातले सोवळे लोक आहेत. त्यांच्या मते पिकवलेला पु-अर हाच मुळी कमअस्सल, त्यात संत्रं म्हणजे वाईट चहा झाकायची युक्ती. यात तथ्य नाही असं नाही. सालीचा वास एवढा दांडगा असतो की आत चुरा भरला तरी पहिल्या तीन कपांत कळत नाही. टोपण उघडून पानं बाहेर काढून पाहावीत, बारीक कोंबांची, सोनेरी झाक असलेली पानं असतील तर ठीक. पण म्हणून सगळा प्रकारच बाद करणं मला पटत नाही. कोवळ्या सालीचं तेल आणि मातकट चहा यांचं जे मिश्रण होतं ते स्वतःच्या हक्कानं चांगलं आहे. आपल्याकडे मुरलेलं लोणचं आहे तसं तक्कूही आहे, कैरी किसून घटकाभरात वाढायचं. तक्कूला 'हे काय खरं लोणचं नव्हे' म्हणून कुणी ताट बाजूला सारत नाही. मात्र तक्कू बरणीत भरून 'आजीच्या हातचं, वीस वर्षांचं' अशी चिठ्ठी लावली तर?

दुसरीकडे विक्रेते. त्यांचा युक्तिवाद असा की चेनपीचे जे गुण ग्रंथांत सांगितले तेच या चहात आलेले आहेत. आणि नेमका इथंच त्यांचा पाय घसरतो, कारण खुद्द चिनी वैद्यकच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतं. त्या वैद्यकात कच्च्या हिरव्या फळाची साल हे चेनपीहून निराळं औषध आहे. तिचं नाव छिंगपी, तिचे गुण वेगळे, उपयोग वेगळे आणि ती जास्त तीव्र मानलेली. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात बाळहिरडा मागितला तर दुकानदार सुरवारी हिरडा देत नाही, आणि सुंठीच्या जागी आलं चालेल असं वैद्य म्हणत नाही. झाड एकच, पण वस्तू दोन. ज्या परंपरेचं नाव घेऊन माल खपवायचा त्या परंपरेनं केलेला इतका साधा भेदसुद्धा पाळायचा नाही, हे मला खटकतं. परंपरा खरोखर मानणाऱ्यानं असं केलं नसतं. परंपरा न मानणाऱ्यानं 'हे नवीन आहे, चव घेऊन बघा' असं सरळ सांगितलं असतं, आणि मी त्याच्याकडून दुप्पट माल घेतला असता.

औषधाचा मुद्दा मी एवढ्या जोरात का मांडतोय त्याला कारण आहे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून हा चहा सुरू केला. 'हजार वर्षांचं औषध आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे त्यांचं वाक्य. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुदैवानं प्रकरण बोलण्यावरच भागलं. पु-अरवर प्रयोग झालेले आहेत, बरेचसे उंदरांवर, आणि त्यातून काही आशादायक गोष्टी दिसतातही. पण उंदरांच्या प्रयोगातून माणसाच्या गोळीला पर्याय मिळत नाही. उलट चीनमध्येच २०१७ साली फांग झोउझी या विज्ञानलेखकानं पु-अरमध्ये बुरशीची विषद्रव्यं असू शकतात असा लेख लिहिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. चहावाल्यांच्या संघटनेनं त्याच्यावर दावा ठोकला. नीट बनवलेला, कोरडा साठवलेला चहा पिऊन कुणी विषबाधेनं आजारी पडावं असं मला वाटत नाही. मी स्वतः पितो. पण जी वस्तू बुरशीच्या मदतीनं बनते तिच्याबद्दल असा प्रश्न विचारणं रास्त आहे, आणि 'परंपरा' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. तीच गोष्ट फवारणीची. कीटकनाशक बसतं ते सालीवर, आणि इथं आपण उकळून पितो ती सालच.

काळाला भाव आला की काळाची नक्कल आलीच. १९९०च्या दशकात शिनह्वेच्या बागा शेंडे पिवळे पाडणाऱ्या रोगानं आणि पडलेल्या भावानं जवळपास उठल्या होत्या. (हाच रोग आपल्याकडे संत्रा बागायतदार ग्रीनिंग म्हणून ओळखतात.) पुढे चेनपीला सोन्याचे दिवस आले तसं शेजारच्या ग्वांगशी प्रांतातली साल शिनह्वेच्या नावानं विकली जाऊ लागली. तीन वर्षांची साल चहाच्या पाण्यात रंगवून वीस वर्षांची होऊ लागली. आता तर जाणकार गिऱ्हाईक विचारतं, झाड गुटी कलमाचं की डोळा भरलेलं? गुटीला भाव जास्त, म्हणजे ती झाडंही कागदावर वाढतात. पु-अरमध्ये याच मार्गानं २००७ साली फुगा फुटला होता. लोक चहाच्या चकत्या शेअरसारख्या घेऊन ठेवत होते आणि एका उन्हाळ्यात भाव कोसळले.

बागायतदाराच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हिरवं फळ त्याला परवडतं. झाडावरचं ओझं कमी करायला काही कोवळी फळं काढावीच लागतात, ती पूर्वी मातीमोल होती. त्यांना दर आला आणि पैसा डिसेंबरऐवजी ऐन वादळांच्या हंगामात, आधीच हातात आला. त्याला दोष कोण देईल? फक्त जे फळ हिरवं असताना तुटलं ते लाल व्हायचं राहिलं, आणि त्याची साल गोणीत जायची राहिली. वीस वर्षांनी जी जुनी साल लागणार आहे ती आजच्या डिसेंबरात वाळायला हवी. आणि तो बिचारा गर! सालीसाठी फोडलेल्या फळांच्या गराचे ढीग नदी-ओढ्यांत टाकल्यामुळे पाणी नासायचं. अलीकडे त्यापासून खत, दारू, असे काही उद्योग चालले आहेत. फेणीसाठी काजूबोंडं पिळणाऱ्या आणि बियांचे पैसे करणाऱ्या आम्हा लोकांना एका फळाची दोन पिकं कशी असतात हे शिकवायला नको, पण तिथं ती अक्कल साल विकून झाल्यावर आली.

आपलं नागपुरी संत्रं हेही त्याच जातकुळीतलं. तिथं आपण बरोबर उलटं करतो, गर खातो आणि साल फेकतो. अगदीच फेकतो असं नाही म्हणा. दिवाळीच्या उटण्यात वाळवून कुटलेली संत्र्याची साल असतेच. म्हणजे ती साल आपण अंगाला लावायला योग्य ठरवली, पोटात घ्यायला नाही. नागपुरी साल सैल, तेलकट आणि वासाला गोड असते. तिची चेनपी होणार नाही, कारण शिनह्वेच्या सालीतला तो विशिष्ट गंध त्या जातीचा आणि त्या मातीचा आहे. पण चहात एक तुकडा टाकायला काय हरकत आहे?

मी काय करतो ते सांगून थांबतो. हिरवी फळं घेतोच. पाकिटावर तोडणीचं वर्ष आणि वाळवण्याची रीत लिहिलेली असेल तर घेतो. उन्हात वाळवलेलं भट्टीतल्यापेक्षा मला सरस वाटतं, भट्टीतल्याला कधी कधी करपलेला वास येतो. 'शून्य दुष्परिणाम' लिहिलेलं असेल तर तिथंच ठेवतो. आणि गेल्या हिवाळ्यात मापशाच्या बाजारातून आणलेल्या नागपुरी संत्र्यांच्या साली तीन-तीन पाकळ्यांत कापून गच्चीवर वाळवल्या, चिनी मातीच्या बरणीत भरून वर दादरा बांधला. गोव्याच्या पावसात कागदालाही बुरशी येते तिथं सालीचं काय, असं घरातून ऐकून घेतलं. पहिला पावसाळा त्यांनी निभावला आहे. रंग थोडा उतरलाय, वास अजून कच्चाच आहे. अजून दोन वर्षं तरी बरणी उघडणार नाही, वर्षातून एकदा ऊन दाखवण्यापुरती सोडून.